हातात बसलेलं हसू

या, टेका जरा. आईच्या दातांचं नंतर बोलू. घाई असेल तर ती चपलांबरोबर बाहेर ठेवा, कारण ही गोष्ट अर्धी ऐकून उठलात तर पुढचा घास गोड लागायचा नाही. भुताखेताची नाही. चोरीमारीचीही नाही. सकाळी अकरा वाजता, लख्ख उजेडात, दार सताड उघडं असताना घडलेली आहे, आणि तरी ऐकताना तुमचा हात आपोआप तोंडावर जाईल. नाही गेला तर येऊन माझा कान धरा.

एक माणूस होता, कवळ्या बनवणारा. गल्लीत त्याला सगळे बत्तीशी म्हणायचे आणि तो ओ द्यायचा. त्याचं काम असं, की दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाची मापं घेणार आणि ती याच्याकडे पाठवणार. हा मापात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढणार, साच्यावर मेण चढवणार, मेणात एकेक दात बसवणार. डॉक्टर ते मेणावरचे दात पेशंटच्या तोंडात घालून बघणार, ठीक आहे म्हणणार. मग हा मेणाच्या जागी गुलाबी मसाला भरून उकळणार, घासणार, चकाचक करून डबीत घालून परत पाठवणार. या सगळ्यात तोंड कोणाचं, बाई गोरी का सावळी, रागीट का गरीब, याला काही पत्ता नाही. त्याला माणूस माहीत तो हिरडीपुरता. तीस वर्षं त्याने अर्ध्या शहराला चावायला दात दिले, पण त्यातलं एक माणूस दारात उभं राहिलं असतं तर याने विचारलं असतं, कोण पाहिजे?

जिन्याखालच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत लेक बसायची. डब्या भरायची, नंबर घालायची, दवाखान्यांत पोचवून यायची. मागच्या खोलीत खिडकीपाशी लांब टेबल, स्पिरिटचा दिवा, मेणाच्या पट्ट्या आणि घासायची मोटर. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर पांढरे जबडे, आ वासून, ओळीने. नवीन माणूस आत आला की दोन पावलं मागे जायचा. बत्तीशी म्हणायचा, "या हो, चावत नाहीत. अजून पक्के झाले नाहीत."

या सगळ्या जबड्यांत एकच चेहरा त्याच्या ओळखीचा होता. बायकोचा.

लग्नाला दोन वर्षं झाली असतील, माळ्यावरचा डबा काढताना स्टूल सरकलं आणि बाई तोंडावर आपटली. वरचे पुढचे सहा दात गेले. बत्तीशी आठवडाभर दुसऱ्या कोणाच्या कामाला शिवला नाही. सरळ, देखणे, जाहिरातीतल्यासारखे दात त्याला सहज बसवता आले असते. पण त्याने बसवले ते जसेच्या तसे. मधल्या दोन दातांत नखभर फट, आणि डावा सुळा किंचित आत वळलेला, लाजल्यासारखा. बायकोने आरशात बघितलं आणि म्हणाली, "अहो, हे तर माझेच की! कुठे सापडले?" आणि हसली. तिचं हसणं म्हणजे आधी डोळे मिटायचे, मग खांदे हलायचे, आवाज सगळ्यात शेवटी यायचा. पुढे दर पाच-सहा वर्षांनी ते दात झिजले की तो नवे करायचा. पाच वेळा केले. साच्याकडे बघायचीसुद्धा गरज उरली नव्हती.

ती गेली ती अशी, की दुपारी वर कपडे वाळत घालत होती आणि हा खाली मोटर चालवत होता. तिने हाक मारली असं शेजारीण म्हणते. मोटरच्या आवाजात काय ऐकू येणार? शेजारीण पाण्याचा पेला घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. दात तिच्या तोंडातच राहू द्या, एवढं एक वाक्य तो त्या दिवशी बोलला. पाचव्या दिवशी दुकान उघडलं. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस आहे. लेकीने घरात आईचा विषय काढला की हा म्हणायचा, "मीठ दे जरा." मीठ हातापाशीच असायचं. अकरा महिने असं चाललं. लेकीनेही मग विषय काढणं सोडलं.

आता खरी गोष्ट.

एके दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. या बाईंचं निम्मं काम बत्तीशीकडेच यायचं. म्हणाल्या, "एक शिवणवाल्या बाई आहेत. वरचे सगळे दात तीन महिन्यांपूर्वी काढलेत. कवळीची फार घाई आहे त्यांना, आणि माझी पाठ धरलीय, मी काही आठ दिवस खुर्चीपाशी उभी राहत नाही. मेणावर बघायचं राहू द्या. तुमचा हात मला माहीत आहे. थेट करून टाका, बाई येऊन घेऊन जातील."

"मेणावर बघितल्याशिवाय?" बत्तीशी म्हणाला.

"अहो, हल्ली तुमचे दात इतके खरे वाटतात की मला बदलायला काही सापडतच नाही."

आता स्तुती कोणाला नको असते! त्याने करून टाकले.

मंगळवारी सकाळी अकराला बाई आली. सत्तरीला टेकलेली, गळ्यात मापाची टेप तशीच लटकलेली, तोंडावर रुमाल. "भाऊ," रुमालातूनच म्हणाली, "माझे दात तयार झाले म्हणतात."

"झालेत ताई. बसा."

"बसत नाही. घरी हे एकटे आहेत." मग काय वाटलं कोण जाणे, बसलीच. "त्यांचं डोकं जरा चाळवलंय. फरश्या बसवायचे, चांगले मोठे मिस्त्री होते. आता विसरतात. पोरांची नावं गेली, गल्ली गेली, तरी मला धरून होते. पण दात काढले आणि हे बोळकं बघून मला आजी म्हणायला लागले हो. म्हणतात, आजी, तुम्ही जेवलात का? आमची ही आली की वाढेल. म्हणून घाई. दात आले की ओळखतील."

"ओळखतील की," बत्तीशी म्हणाला. माणूस असंच म्हणतो. डबी उघडून त्याने कवळी तिच्या हातात दिली. बाईने पाठ फिरवली, भिंतीकडे तोंड करून कवळी बसवली, जीभ फिरवली, दोनदा दात वाजवून बघितले. मग वळली आणि हसली.

बत्तीशीने टेबलाची कड धरली. समोर परकी बाई, परकं नाक, परके डोळे, गळ्यात मापाची टेप, आणि त्या सगळ्याच्या मधोमध त्याची बायको हसत होती. नखभर फट. आत वळलेला सुळा. अकरा महिन्यांनी, त्याच्याच दुकानात, हातभर अंतरावर.

"वाईट दिसतं का हो?" बाईचं हसू ओसरलं. "तोंड का असं केलंत?"

बत्तीशी रिकाम्या डबीचं झाकण लावायला लागला.

पुढच्या खोलीतून लेक काहीतरी विचारायला आली आणि उंबऱ्यातच थिजली. बाई तिच्याकडे वळून पुन्हा हसली. "पोरी, तू तरी सांग. कशी दिसते मी?"

लेक म्हणाली, "छान." एवढंच. मग पडद्याआड गेली आणि नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ नळ चालू होता.

बाई खुशीत निघून गेली. तिची पावलं गल्लीत लांब गेली आणि लेक बाहेर आली. डोळे लाल. "बाबा, हे मुद्दाम केलंत?"

"नाही."

"आईचे दात तुम्ही त्या बाईच्या तोंडात बसवलेत!"

"मला कळलंच नाही गं. हाताने केलं."

"हाताने केलं म्हणजे? हात काय वेगळा राहतो का तुमच्यापासून? भाड्याने राहतो?"

बत्तीशी आपल्या हातांकडे बघत राहिला, जणू हे दोघं त्याच्याकडे आजच आले होते.

आता लेकीची एक सवय होती. कवळी पाठवण्याआधी ती मोबाइलवर फोटो काढून ठेवायची, नंबरासकट. नाहीतर दवाखान्यात कोणी पाडून फोडली की आळ यांच्यावर. तिने मोबाइल काढला. एक फोटो उघडला, मग दुसरा, मग बोट भराभर चालायला लागलं. पुरुषांच्या कवळ्या सरळ होत्या, जशा असतात तशा. बायकांच्या... लेक मटकन स्टुलावर बसली.

"बाबा, इकडे या."

"काय झालं?"

"इकडे या म्हणते ना!"

अकरा महिन्यांत त्याने चौदा बायकांच्या वरच्या कवळ्या केल्या होत्या. चौदाच्या चौदा फोटोंत मधे नखभर फट आणि डावा सुळा आत वळलेला. चौदा जणी त्या शहरात हिंडत होत्या. कोणी बाजारात घासाघीस करत होती, कोणी नातवाला रागावत होती, कोणी बसमध्ये तोंड उघडं टाकून झोपली असेल, आणि प्रत्येकीच्या ओठाआड ती मेलेली बाई होती. डॉक्टरीणबाईंना दात खरे का वाटत होते, ते आता समजलं. खरेच होते ते. फक्त दुसरीचे.

लेक आधी हसली. खरंच हसली, फस्सकन, जसं कधीकधी भलत्या वेळी येतं तसं. मग तोंडावर हात दाबला. बत्तीशीने दिवा विझवला, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि दुपारभर जबड्यांसमोर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी बाई परत आली. या वेळी तोंडावर रुमाल नव्हता, पण ओठ घट्ट मिटलेले. कवळी काढून तिने टेबलावर ठेवली.

"घ्या ही परत."

"टोचते का ताई?"

"टोचली असती तर सोसलं असतं हो." बाई बोळक्यानेच बोलत होती, शब्द पुसट येत होते, पण राग काही पुसट नव्हता. "काल घरी गेले, यांच्यासमोर उभी राहिले आणि हसले. हे उठून उभे राहिले. म्हणाले, बाई, तुम्ही कोण? मी म्हटलं, अहो, मी. तर म्हणाले, आमची ही बाहेर गेलीय, ती आल्यावर या. आणि मला दाराबाहेर काढलं. माझ्याच घराच्या! कडी लावून घेतली आतून. शेजाऱ्यांनी खिडकीतून समजावलं तेव्हा दार उघडलं. काल दुपारपासून माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत. आजी म्हणत होते तेव्हा निदान जेवत तरी होते."

बत्तीशीने मान खाली घातली. मग त्याने सगळं खरं सांगून टाकलं. बायको, स्टूल, पाच वेळा केलेले दात, चौदा फोटो. अकरा महिन्यांत तो एका दमात एवढं कोणाशी बोलला नव्हता. आणि बोलला ते एका गिऱ्हाइकाशी, जिचा त्याने घात केला होता.

बाई डोळे विस्फारून ऐकत राहिली. शेवटी टेबलावरच्या कवळीकडे बघून म्हणाली, "म्हणजे मी तुमच्या बायकोला तोंडात घालून घरी गेले?"

"हो."

"अरे देवा." जरा वेळाने म्हणाली, "म्हणजे आमच्या यांचं चुकलं नाही. परकी बाईच होती ती."

"तुमचे दात कसे होते ते सांगा. तसे करून देतो. चार दिवसांत."

"होते आपले. चारचौघींसारखे. सरळ." बाई टेपशी चाळा करायला लागली.

"फोटो?"

फोटो तिने संध्याकाळी आणून दिले. पंधरा-वीस असतील, आणि एकातही दात नाही. सगळीकडे ओठ मिटलेले, जणू फोटोवाला इंजेक्शन घेऊन उभा होता. काढलेले खरे दात दवाखान्यात कधीच फेकून दिले होते. राहिला नुसता साचा, आणि साच्याला बोळक्यापलीकडे काही ठाऊक नसतं.

बत्तीशी कामाला बसला. नवीन मेण, नवीन दात, कार्डावर चिकटवून येतात तसले. सरळ बसवायचे, बस्स. उमेदवारी करणारं पोरगंही पहिल्या महिन्यात बसवतं. पहिल्यांदा बसवले आणि लांब धरून बघितले, तर मधे फट. उपसून पुन्हा बसवले. फट गेली, सुळा आत वळला. सुळा सरळ केला तर फट परत. हाताला रागावला, हात टेबलावर आपटला, पट्टी धरून मापं घेतली. पण मेण निवेपर्यंत बोट कुठेतरी हळूच जायचं आणि दात सरकवून यायचं. घरात गुपचूप कोणी भांडी हलवून ठेवावी तसं. बुधवार गेला, गुरुवार गेला.

लेक म्हणाली, "मी बसवू का?"

"तुला येतं?"

"नाही."

"मग?"

"तुम्हाला तरी कुठे येतंय."

शुक्रवारी बाई आली ती नवऱ्याला घेऊन. एकटं सोडायची सोय नव्हती आणि तिचा धीरही संपला होता. मिस्त्री उंच, खांद्यात वाकलेले, तळहात फावड्यासारखे. आत आल्याआल्या भिंतीवरच्या जबड्यांकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. खाली बघितलं. मग गुडघ्यावर बसून बोटाच्या पेराने फरशी ठोकली. "या दोन पोकळ आहेत," म्हणाले. "खाली माल कमी घातलाय. कोणी केलं हे काम?"

"घरमालकाने," लेक म्हणाली.

"वाटलंच."

त्यांना टेबलापाशी स्टुलावर बसवलं. बाई तोंडावर रुमाल धरून दूर कोपऱ्यात उभी राहिली. जवळ गेली की ते अंग चोरून घेत होते.

"झालं का भाऊ?" तिने हळूच विचारलं.

बत्तीशीने मान हलवली. "ताई, माझ्याकडून नाही व्हायचं हे. तीन दिवस झाले. दुसऱ्याचं नाव देतो, चांगला कारागीर आहे, त्याच्याकडे जा."

"दुसरा काय, पंधरा दिवस लावणार! तोवर हे उपाशी बसतील? दोन दिवस शेजारीण भरवतेय. तिचं तरी किती चालेल?"

"माझा हात ऐकत नाही हो."

"मग ओरडा त्याच्यावर!"

हे दोघं असे बोलत असताना लेक एकदम म्हणाली, "बाबा!"

मिस्त्रींनी टेबलावरचा साचा उचलला होता. दिव्याशेजारी ठेवल्यामुळे मेण मऊ होतं. त्यांनी अंगठा दातांच्या ओळीवरून फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, डोळे अर्धे मिटून. नवीन फरशीवरून तळहात फिरवावा तसा.

"हे कोणी बसवलं?"

"मी," बत्तीशी म्हणाला.

"शिकतोयस का?"

लेकीने साचा काढून घ्यायला हात पुढे केला. बत्तीशीने तिचं मनगट धरलं.

"हा सांधा बघ केवढा ठेवलास," मिस्त्री म्हणाले. "इथे एवढा सांधा कोणी सांगितला तुला?" आणि दोन्ही अंगठ्यांनी त्यांनी मधले दोन दात एकमेकांना भिडवले. फट मिटली. अशी सहज मिटली, की बत्तीशीच्या हातातलं लेकीचं मनगट सुटलं. मग मिस्त्रींनी सुळा दाबला, तो वाकडाच झाला. दाढेला धक्का दिला, ती मेणातून निसटून टेबलावर टप्पकन पडली. ते चिडले. "माल कच्चा आहे," म्हणाले.

"मिस्त्री," बत्तीशी त्यांच्याजवळ वाकला. "हे तुमच्या बायकोचे दात आहेत."

मिस्त्री थांबले. साचा खिडकीकडे धरून त्यांनी निरखून बघितला. मग खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यातल्या बाईवरून ती तशीच पुढे गेली. आपल्या बायकोने कुठून ऐकू नये म्हणून आवाज खाली आणला.

"मग हा असा नाही," म्हणाले. डाव्या बाजूचा, मधल्याच्या शेजारचा दात त्यांनी नखाने धरला, उचलला आणि मधल्या दातावर चढवला. तिरपा. गर्दीत एखादं माणूस दुसऱ्याच्या खांद्यावरून डोकावतं तसा. "हा असा. ती लपवते. मी काही बोलत नाही."

कोपऱ्यात बाईच्या हातातला रुमाल खाली पडला.

बत्तीशीने तिच्याकडे बघितलं. ती पांढरीफटक पडली होती.

"ताई?"

"खोटं बोलले मी," बाई म्हणाली. "होता तसा. लहानपणापासून. पोरी चिडवायच्या. लग्नात खाली बघून बसले, फोटोत ओठ मिटले, हसायचं झालं तर पदर. चव्वेचाळीस वर्षं, भाऊ! मी समजत होते यांना माहीतच नाही. एकदासुद्धा..." तिने मिस्त्रींकडे बघितलं. "एकदासुद्धा बोलले नाहीत हो."

मिस्त्री तिच्याकडे बघून बत्तीशीला म्हणाले, "त्या आजींना बसायला द्या की. घाबरल्यात."

आणि तेव्हा बत्तीशीच्या आतून एक आवाज निघाला. रडणं म्हणायचं तर तसं नाही. मोटर अडकल्यावर करते तसा काहीतरी. तो टेबलावर कोपर टेकून, तोंड ओंजळीत घालून तो आवाज काढत राहिला. मिटलेली फट समोर होती. अकरा महिने हात जी उघडी धरून बसला होता ती. लेक धावली, पण तिच्या आधी मिस्त्रींचा फावड्याएवढा हात त्याच्या पाठीवर पडला.

"रडू नकोस," ते म्हणाले. "पहिलं काम सगळ्यांचं बिघडतं. हात बसेल."

बऱ्याच वेळाने बत्तीशीने डोळे पुसले आणि बाईला विचारलं, "मग कसं करू ताई? तुम्हाला सरळ पाहिजे होते."

बाईने रुमाल उचलला, झटकला आणि कमरेला खोचला. तोंडावर धरला नाही. "बसवा तोच वाकडा," म्हणाली. "मेला सत्तर वर्षं छळून गेला, आणि आता मीच त्याला घरी नेते."

बत्तीशी तिथल्या तिथे बसला. पडलेली दाढ लावली, सुळा सरळ केला. मिस्त्रींनी चढवलेल्या दाताला मात्र शिवला नाही, नुसतं खालून गरम मेण सोडून पक्का केला. पूर्ण होईपर्यंत लेक दिवा धरून उभी होती. संध्याकाळी मसाला उकळत असताना ती म्हणाली, "आई हसायच्या आधी डोळे मिटायची."

बत्तीशीने उकळत्या भांड्यावरचं झाकण सारखं केलं. लेकीला वाटलं आता हा मीठ मागणार.

"आणि मिटलेल्या डोळ्यांनीच चापट मारायची," तो म्हणाला. "दरवेळी माझ्या चष्म्याला लागायची."

रविवारी तो स्वतः डबी घेऊन बाईच्या घरी गेला. तीस वर्षांत पहिल्यांदा. छोटी खोली, खिडकीखाली शिवणयंत्र, खुर्चीवर अर्धवट शिवलेले कपडे. मिस्त्री पलंगाच्या कडेला बसले होते, शेजारणीने ठेवलेलं ताट तसंच. बाईने आत जाऊन कवळी बसवली आणि बाहेर आली. पण हसायला तिला जमेना. चव्वेचाळीस वर्षांची सवय, ओठ उघडतात कसे? उभी राहिली दारात, टेप पिळत. बत्तीशी रिकामी डबी उघडझाप करत राहिला. आता हिचं हसू कुठून आणायचं? दात देता येतात, हसू देता येत नाही.

शेवटी मिस्त्रीच म्हणाले, "हे कोण गृहस्थ?"

"कवळीवाले आहेत," बाई म्हणाली.

"यांना काम येत नाही," मिस्त्री म्हणाले.

बाईला हसू फुटलं. आवरलं नाही, लपवलं नाही, चांगलं मोकळं, आणि तो तिरपा दात सगळ्यांच्या पुढे येऊन डोकावला. मिस्त्री बघत राहिले. खूप वेळ.

"कुठे होतीस एवढा वेळ?" मिस्त्री रागावून म्हणाले. "इथे एक बाई येऊन बसली होती. दोन दिवस. मी तिला घरातलं काही सांगितलं नाही." मग ताट पुढे ओढलं. "वाढ आता."

रोज ओळखतात असं नाही बरं का. उगाच गोड करून सांगत नाही. एखाद्या दिवशी ओळखतात, एखाद्या दिवशी पुन्हा आजी. पण जेवतात तिच्याच हातचं, आणि ती रुमाल घरात वापरत नाही. बत्तीशीने डॉक्टरीणबाईंना सगळं कबूल केलं. त्यांनी फोनवरच कपाळाला हात लावला असणार. राहिलेल्या तेरा जणींना विचारून झालं, फुकट बदलून देतो म्हणून. दोघींनी बदलून घेतले, दोघींनी उत्तरच दिलं नाही. आणि नऊ जणींनी निरोप पाठवला, खबरदार हात लावलात तर. बत्तीशीने दोन-तीन दिवस त्यावर विचार केला आणि म्हणाला, राहू दे. आपल्या बायकोला माणसांत मिसळायची हौसच होती.

आता तो बायकांचं काम करतो, पुरुषांचंही करतो, आणि हात ज्याचं त्याला देतो. पण नुसता साचा आला तर परत पाठवतो.

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या आईचे दात करायचे आहेत म्हणता ना? माप डब्यात घालून पाठवू नका. आईला घेऊन या, आणि तिच्याबरोबर असं एक माणूस आणा जे तिच्याशी जन्मभर भांडलंय. बहीण, जाऊ, शेजारीण, कोणीही चालेल, आईच्या दातांची खोड तिलाच पाठ असते. दोघींना समोरासमोर बसवा, चहा द्या, आणि तुम्ही तासभर मधे बोलू नका.